फक्त फ्रिंजिलिडी: चोपता-तुंगनाथचे सहा दिवस

निघायच्या आदल्या रात्री मामाचा फोन आला. बॅगेत लोकरीचे मोजे कोंबता कोंबता मी स्पीकर लावला.

"अगं, या वेळी एक अट आहे. वहीत फक्त फ्रिंजिलिडी धरायचे. बाकी काहीही दिसलं तरी मोजणीत नाही."

"हिमालयातला तो रंगीबेरंगी मोनाल दिसला तरी?"

"मोनाल दिसला तर नमस्कार करायचा आणि पुढे जायचं."

मामा चाळीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालाय. त्याच्या अटी म्हणजे चाचणी परीक्षाच असतात. मागच्या ट्रिपला आम्ही तीन दिवसांत एकशे दहा जाती टिपल्या होत्या. घरी आल्यावर त्याने विचारलं, "यातल्या किती आठवतात?" मला धड वीसही सांगता आल्या नव्हत्या. ही अट बहुधा त्याचीच शिक्षा.

फ्रिंजिलिडी म्हणजे खऱ्या फिंच पक्ष्यांचं कुळ. लॅटिनमध्ये फ्रिंजिला म्हणजे फिंच, त्यावरून हे नाव. जगभरात सव्वादोनशेहून जास्त जाती, आणि हिमालय म्हणजे त्यांच्या रोझफिंच आणि ग्रोसबीक या शाखांचं माहेरघर. एप्रिलच्या मध्यावर उत्तराखंडातल्या गढवालमध्ये, चोपता-तुंगनाथकडे गेलं तर काही पक्षी अजून खालच्या उतारांवर असतात, काही वर सरकायला लागलेले असतात आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो. म्हणून मी, मामा आणि मामी असे तिघं निघालो. मामीला पक्ष्यांत रस नाही. तिला थंडी, स्वेटरचं विणकाम आणि डोंगर हवे होते.

दिवस पहिला: हरिद्वार ते सारी

गाडी वेळेवर, टॅक्सी वेळेवर, देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथीचे दोन रंग वेगवेगळे दिसले. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मामीने लाकडाला हात लावला. गढवालमधलं श्रीनगर मागे पडलं आणि दरड कोसळलेली. पुढे गाड्यांची रांग, जेसीबी एकच, तोही चहाला गेलेला. सव्वादोन तास.

पण खरं सांगायचं तर सगळ्या ट्रिपचा पाया त्या सव्वादोन तासांत घातला गेला. रस्त्याकडेच्या गवतावर पाच-सहा ठिपकेदार मनोल्या उतरल्या. चोच जाड, त्रिकोणी, दाणे टिपण्यात गर्क.

"या फिंच ना?" मी वही काढली.

"वही ठेव. मनोली एस्ट्रिल्डिडी कुळातली. पिंजऱ्यात मिळते ती झेब्रा फिंचही त्यातलीच. चोच बघून फसायचं नाही."

"मग चिमणी?"

"चिमणीचं कुळ वेगळं. सुगरणीचं वेगळं. भारीट जुन्या पुस्तकांत फ्रिंजिलिडीत असायचा, आता त्याचंही घर वेगळं मांडलंय."

"आणि डार्विनच्या फिंच?" हा हुकमी एक्का होता.

मामा या प्रश्नाची वाटच बघत असावा. गॅलापागोस बेटांवरच्या ज्या फिंच शाळेच्या पुस्तकात येतात, त्या फिंचच नाहीत. त्या दक्षिण अमेरिकेतल्या टॅनेजर कुळातल्या. दाणा फोडायचं काम करणाऱ्या पक्ष्याला दाणा फोडायची चोच येते, मग त्याचं आडनाव काहीही असो. मागच्या गाडीतला एक सरदारजी खिडकीत हात टेकून हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "मतलब कैनरी भी फिंच नहीं?" मामा खूश. कॅनरी मात्र अस्सल फ्रिंजिलिडी, अगदी आतल्या घरातली.

नऊ पिसांची गोष्टही तिथेच झाली. बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांच्या पंखाच्या टोकाकडे उड्डाणाची दहा मोठी पिसं असतात. फ्रिंजिलिडीत दहावं इतकं खुरटलेलं असतं की मोजताना नऊच भरतात. भारीट आणि टॅनेजरमध्येही तसंच, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही. दुर्बिणीतून तर ती मोजताही येत नाहीत. "मग उपयोग काय?" मामीने सुईवरची नजर न काढता विचारलं. उत्तर आलं नाही, कारण तेवढ्यात रांग हलली.

रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी, कुंड, उखीमठ. सारी गावात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. घरगुती मुक्काम, आणि ताटात मंडुव्याची भाकरी आणि गहतची डाळ. पहिला घास घेतला आणि मामी हसायलाच लागली. मंडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ! दीड दिवस प्रवास करून आम्ही नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खायला आलो होतो. फक्त वर घरचं तूप होतं, वाटीभर.

जाणाऱ्यांनी हरिद्वार किंवा ऋषिकेशहून पहाटे पाचलाच निघावं. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण डोंगरात किलोमीटर मोजायचे नसतात, तास मोजायचे. रोख पैसे खालीच काढून घ्या.

दिवस दुसरा: देवरिया ताल

पहाटे गच्चीवर आलो तर समोर गव्हाच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि वर चौखंबा शिखर, गुलाबी. आमचा गाईड आला. पस्तिशीचा, गावातलाच, त्याला सगळे भैजी म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. मामाने त्याला अट सांगितली. भैजीने एकदा मामाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "सिर्फ फिंच? लोग तो यहाँ मोनाल के लिए आते हैं, सर." पण दोन मिनिटांत त्याला गंमत वाटायला लागली असावी, कारण अंगणातल्या तांबूस चिमणीकडे बोट करून तोच म्हणाला, "यह नहीं चलेगी न?"

वहीतला पहिला पक्षी शेताच्या कडेच्या आलुबुखाऱ्याच्या शेंड्यावर मिळाला. कॉमन रोझफिंच, नर. डोकं, गळा आणि छाती लाल, जणू तोंड रंगाच्या डब्यात बुडवून काढलेलं आणि पुढे रंग ओघळून पोटावर फिका झालेला. हा पक्षी हिवाळ्यात आपल्याकडेही उतरतो आणि हिंदीत त्याला तूती म्हणतात. चार-पाच सुरांची चढत-उतरती शीळ, दर दहा-बारा सेकंदांनी तीच. त्याच्याच खाली गव्हात दोन मातकट, रेघारेघांच्या माद्या होत्या. त्या मी पाहिल्यासुद्धा नाहीत. मामाने दाखवल्या.

"तू नर बघितलास. पक्षी अजून बघितला नाहीस."

रोझफिंच ओळखणं म्हणजे खरं तर या मातकट माद्या ओळखणं. नराला कुणीही ओळखतो. मादीत बघायचं ते भुवई आहे की नाही, पाठीवरच्या रेघा ठळक की पुसट, पंखावर पट्टा आहे का. कॉमन रोझफिंचच्या मादीला भुवई जवळजवळ नाहीच, चेहरा कोरा, डोळा काळा मणी.

गावापासून देवरिया तालची चढण अडीच-तीन किलोमीटरची. वाट बांधलेली आहे, पण छाती भरून येते. तळं साधारण २,४०० मीटरवर. आम्ही पोचेपर्यंत वारा सुटला होता, त्यामुळे फोटोत असतं तसं चौखंबाचं प्रतिबिंब काही दिसलं नाही. ते हवं असेल तर वर तंबूत राहा किंवा अंधारात चढा. आम्हाला मात्र तळ्याकाठच्या झाडावर पिवळ्या छातीच्या ग्रीनफिंचचा थवा मिळाला. टिर्र-टिर्र करत एकमेकांशी सतत बोलत होत्या. उडाल्या तेव्हा पंखावरचा पिवळा पट्टा लखकन चमकला. उडण्याची तऱ्हा या कुळाची खास: चार फडफडी, मग पंख मिटून खाली झोकून देणं, पुन्हा चार फडफडी. हवेत लाटा काढल्यासारखं. त्या लाटेवरून मामा दोनशे फुटांवरून "धर" किंवा "सोड" सांगत होता.

दुपारी उतरून चोपता. वाटेत दुगलबिट्टाच्या पुढे सगळा उतार बुरांशने लाल. ड्रायव्हरने न सांगता गाडी थांबवली.

दिवस तिसरा: चोपता

चोपता केदारनाथ अभयारण्याच्या जंगलात आहे, उंची २,६०० मीटरच्या वर. पक्की बांधकामं नाहीत, वीज सौर दिव्यांपुरती. खोलीबरोबर कबूल केलेलं "गरम पाणी" म्हणजे सकाळी सात वाजता दाराशी ठेवलेली एक बादली, आणि आम्ही निघणार साडेपाचला. पॉवर बँका दोन न्या. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री पांघरुणात घेऊन झोपा, थंडीत त्या बसतात. थंडीतून आलेली दुर्बीण उबदार खोलीत एकदम उघडू नका, काचांवर धुकं बसतं. हे सगळं मी करून बघितलेलं आहे.

साडेपाचला गोपेश्वरच्या रस्त्याने चालायला लागलो. या रस्त्यावर कस्तुरीमृगांच्या प्रजननासाठी उभारलेलं कांचुला खरकचं केंद्र लागतं. आजूबाजूला खरसू ओक, रागा नावाचा फर आणि बुरांश. रस्ता डांबरी आणि सकाळी रिकामा, म्हणून पक्षी बघायला यापेक्षा सोयीची जागा नाही. एका वळणावर भैजी थांबला. रस्त्यावर बुरांशच्या लाल पाकळ्या पडल्या होत्या. अशा तर सगळीकडेच पडल्या होत्या. पण इथे त्या पडत होत्या. एक. थोड्या वेळाने आणखी एक. वारा अजिबात नव्हता.

वर पाहिलं. लाल डोक्याच्या बुलफिंच, चार.

नराचं डोकं नारिंगी, चोचीभोवती काळा मुखवटा, पाठ राखी. फुलांच्या गर्दीत तो नारिंगी रंग असा विरघळतो की हलल्याशिवाय दिसत नाही. मादीचं डोकं पिवळट हिरवं. ती माझ्यापासून पंधरा फुटांवर होती, त्यामुळे तिचं चाललेलं काम मला नीट बघता आलं. ती फूल तोडत नव्हती. फुलाच्या बुडाशी चोच खुपसायची, दोनदा चावल्यासारखं करायची, गाल हलायचे, आणि ती पुढच्या फुलाकडे वळली की मागचं फूल लगदा होऊन खाली. बुडातला मध हवा होता तिला. चोचीच्या कडेला परागांचा चिकट पिवळा लेप लागला होता. मध्येच फांदीवर चोच पुसली, डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, जेवता जेवता पदराला हात पुसावा तशी. बडबड नाही, भांडण नाही. मधूनच अगदी हलकी "प्यू". पंचवीस मिनिटं आम्ही तिथे उभे होतो, एकाही बुलफिंचने आमची दखल घेतली नाही.

मामा कुजबुजला की बुलफिंचना विणीच्या काळात तोंडाच्या तळाशी पिशव्या तयार होतात, पिल्लांसाठी खाणं साठवून न्यायला. बहुतेक फिंच पिल्लांनासुद्धा दाणेच भरवतात, गळ्यात मऊ करून. जे दाणे खातात असे इतर बरेच पक्षीही पिल्लांना किडे-अळ्या घालतात. फिंचमध्ये चॅफिंच आणि ब्रॅम्बलिंगची शाखा मात्र मुख्यतः किड्यांवर पिल्लं वाढवते.

ग्रोसबीक आधी ऐकू आले. कट्. मग बारीक टपटप. रागाच्या झाडाखाली उरलेल्या बर्फाच्या तुकड्यावर तपकिरी कोंडा पडत होता आणि वर शंकूवर काळा-पिवळा ग्रोसबीक बसला होता. बी चोचीच्या कोपऱ्यात सरकवायचं, तिथे टाळूच्या कडेला खाच असते तिच्यात बसवायचं, खालचा जबडा दाबायचा, आणि जिभेने बी फिरवत फिरवत साल बाजूला काढायची. हात नसताना. मी एकदा दाताने अक्रोड फोडून दाताचा टवका उडवून घेतलेला आहे, त्यामुळे मला या पक्ष्याबद्दल नितांत आदर आहे. अर्ध्या तासाने त्याचा भाऊबंद भेटला, कॉलर्ड ग्रोसबीक. दोघेही काळे आणि पिवळे, लांबून सारखेच. पण याच्या मानेवर केशरी झाक, आणि मुख्य म्हणजे मांड्या पिवळ्या. पहिल्याच्या मांड्या काळ्या. "मांड्या बघा, मांड्या," मामा जोरात म्हणाला, आणि नेमकं त्याच वेळी रस्त्यावरून एक नवविवाहित जोडपं चाललं होतं.

दुपारी गारा. चण्याएवढ्या, मग बोराएवढ्या. टपरीवाल्या दीदीने आम्हाला चुलीशी बसवलं. तिथे मॅगी आणि बुरांशचं सरबत, दोन्ही आळीपाळीने. पत्र्यावर इतका आवाज होता की मामाला ओरडून शिकवावं लागत होतं. विषय हवाई बेटं. तिथल्या हनीक्रीपरची चोच कुणाची कोयत्यासारखी वाकडी, कुणाची पोपटासारखी. वर्षानुवर्षं त्यांना वेगळ्याच कुळात ठेवलं होतं. डीएनए तपासलं तर ते फ्रिंजिलिडी निघाले, आणि जवळचे नातेवाईक कोण तर आशियातल्या रोझफिंच. पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वी एक थवा समुद्र ओलांडून गेला आणि तिथे त्याच्या इतक्या तऱ्हा झाल्या. म्हणजे गॅलापागोसवरच्या फिंच या फिंच नाहीत, आणि फिंचसारखे अजिबात न दिसणारे हवाईतले पक्षी मात्र फिंच.

दीदीला आमचा वाद ऐकून वाटलं की भांडण चाललंय. तिने मामाला जास्तीचं सरबत दिलं.

दिवस चौथा: तुंगनाथ

चोपत्याहून तुंगनाथ साडेतीन किलोमीटर, सगळी फरसबंद चढण. दरवाजाशी वनखात्याची पावती. मंदिर सुमारे ३,६८० मीटरवर, पंचकेदारांतलं तिसरं आणि सगळ्यांत उंचावरचं. एप्रिलच्या मध्यावर कपाट, म्हणजे मंदिराचे दरवाजे, बंद असतं. उघडण्याची तारीख बैसाखीला खालच्या मक्कूमठ गावात ठरते, कारण देवाचा हिवाळ्यातला मुक्काम तिथे. दर्शनासाठी जायचं असेल तर तारीख बघून मे महिन्यात जा. पक्ष्यांसाठी मला बंद कपाटं बरी वाटली.

गारांमुळे वाट निसरडी झाली होती. वळणांवर जुनं बर्फ, वरून गोठलेलं. बुटाला लावायच्या काट्यांच्या साखळ्या खाली भाड्याने मिळतात. मी "कशाला" म्हणून घेतल्या नाहीत आणि दुसऱ्याच वळणावर बसकण मारली. मामी काठी टेकत, साखळ्या लावून, शांतपणे बाजूने पुढे गेली.

पहिल्या बुग्याळाच्या, म्हणजे उंचावरच्या कुरणाच्या, कडेला, बुटक्या झुडपांत, पिंक-ब्राउड रोझफिंच. भुवई गुलाबी, कपाळ गुलाबी, डोळ्यामधून जाणारा पट्टा गडद. हा गुलाबी कॉमन रोझफिंचच्या लालसारखा नाही. उन्हात धुतलेल्या जुन्या गुलबक्षी लुगड्याचा रंग असतो तसा. या वेळी मी न सांगता मादी शोधली. दोन फूट डावीकडे, दगडाला चिकटून. मातकट, रेघांची, पण हिला भुवई होती, लांब, फिकट पिवळसर. सकाळपासून पहिल्यांदा मामा काही बोलला नाही.

वर झाडं संपतात. तिथे वितळत्या बर्फाच्या कडेला ओलं तपकिरी गवत उघडं पडलं होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. मग भैजीने टाळी वाजवावी तसा हात हलवला आणि ते "काहीच नव्हतं" उडालं. शंभरेक प्लेन माउंटन फिंच! नावाप्रमाणे साध्या, चिमणीसारख्या, कुठेही रंगाचा थेंब नाही. सगळा थवा एकदम वळला, दरीवर गेला, पोटं उन्हात पांढरी झाली, पुन्हा वळला आणि होता तिथेच उतरून गवतात मुरला. पुन्हा काहीच नाही. मी दुर्बीण लावून मोजत राहिले, आठ दिसल्या. शंभरांतल्या आठ.

आणि तेवढ्यात मोनाल. नर. तीस पावलांवर, बर्फाच्या कडेला उकरत, हिरवा-निळा-तांबडा, अंगावर सगळा सराफ बाजार घालून. भैजी माझ्याकडे बघत होता. मी मामाकडे. मामाने दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मग गळ्यातली दुर्बीण उचलली आणि दहा मिनिटं खाली ठेवली नाही.

मंदिराशी पोचलो तेव्हा ढग आले. दार बंद, घंटेवर बर्फाचं पाणी ठिबकतंय, ओट्यावर एक काळं कुत्रं. मामीने उंबऱ्याबाहेरूनच हळद-कुंकू वाहिलं. चंद्रशिला वर दीड किलोमीटर. भैजी म्हणाला, सर, अब नहीं. मामाला डोकं दुखत होतं, तेही त्याने आत्ताच कबूल केलं. आम्ही फिरलो. आदल्या रात्री चोपत्याला झोपून मगच चढा, त्याच दिवशी खालून येऊन चढू नका. आणि डोकं दुखलं तर सोबत्याला लगेच सांगा, निवृत्त शिक्षक असलात तरी.

उतरताना झुडपाखाली आणखी एक रोझफिंचची मादी दिसली. भुवई पांढरी आणि रुंद, छाती जराशी बदामी. व्हाइट-ब्राउड असावी. पण ढग, अंतर आणि फक्त चार सेकंद. वहीत मी तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

दिवस पाचवा: मंडल

मंडल खाली, १,६०० मीटरच्या आसपास, चोपत्याहून गोपेश्वरकडे उतरताना तासाभराच्या अंतरावर. तिथे बांजाचं (एक ओक) जंगल, ओढे, संत्री-लिंबाची झाडं आणि अनसूया देवीची वाट. इथे आम्हाला सिपाही हवा होता.

सिपाही म्हणजे स्कार्लेट फिंच. काठमांडूला राहून हिमालयातले पक्षी-प्राणी नोंदवणाऱ्या ब्रायन हॉजसनने १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि जातीचं नाव चक्क हिंदीतून घेतलं, सिपाही. लाल डगल्याच्या शिपायावरून. पुष्कळ वर्षं त्याला स्वतंत्र वंशात ठेवलं होतं, आता डीएनएच्या आधाराने तो रोझफिंचच्याच घरात, कार्पोडॅकसमध्ये आलाय. कार्पोडॅकस म्हणजे फळ चावणारा. तो पूर्वेकडे जास्त, उत्तराखंड हे त्याच्या प्रदेशाचं पश्चिमेकडचं टोक. मामाने तो कधीच पाहिला नव्हता. ट्रिप आखली ती त्याच्यासाठी, हे त्याने इथे येईपर्यंत लपवून ठेवलं होतं.

सकाळी सहापासून अकरापर्यंत ओढ्याकाठी. वहीत स्पॉट-विंग्ड ग्रोसबीक आला, एका उंच झाडावर जोडी. लाल काही नाही. एकदा लाल दिसलं, ते पळसमैनेएवढं निघालं आणि फ्रिंजिलिडी नव्हतं. मी भैजीला विचारलं, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावता नाही का येणार? तो नाही म्हणाला. विणीचे दिवस जवळ आलेत, नर आपली जागा सोडून खोट्या आवाजामागे धावतो, दमतो. "आप तो कल चले जाएँगे. वह दिन भर ढूँढ़ता रहेगा." पुन्हा विचारलं नाही. तुम्हीही गाईडला तसा आग्रह करू नका. आणि पैसे देऊन कुणी तसं करत असेल तर दुसरा गाईड बघा.

साडेअकराला मामाने दुर्बीण गळ्यातून काढून डब्यात ठेवली. काही बोलला नाही. आम्ही ओढ्यावरच्या दगडावर बसून पराठे खाल्ले. मामी पलीकडच्या काठाकडे तोंड करून विणत होती.

"अहो," ती म्हणाली, "ती कोण, कमरेला हळद लागलेली?"

"कुठे?"

"ती काय, हिरवट. मघापासून तिथेच आहे. तुम्ही दोघं लाल शोधत होतात म्हणून बोलले नाही."

पाण्याच्या वर वाकलेल्या फांदीवर, सावलीत, एक जाड चोचीचा पक्षी. अंग गडद शेवाळी, प्रत्येक पिसाला फिकट काठ, त्यामुळे खवल्यासारखं दिसणारं. तो जरा वळला आणि शेपटीच्या वर, कमरेवर, लख्ख पिवळा चौकोन. खरंच, हळदीचा हात उमटावा तसा. भैजीने श्वास आत ओढला. मामाला डब्याची चेन उघडेना. मी माझी दुर्बीण त्याच्या हातात दिली.

सिपाहीची मादी. तिच्या अंगावर लाल रंग कुठेच नसतो. ती खाली उतरली, दगडाच्या फटीतल्या पाण्यात चोच बुडवली, मान वर करून गिळलं. तीनदा. मग उडाली, चार फडफडी आणि एक झोक, आणि बांजाच्या पानांत गेली. नर आलाच नाही. आम्ही अडीचपर्यंत थांबलो.

दिवस सहावा: परत

मंडलहून गोपेश्वर, चमोलीमार्गे खाली. दरडीच्या जागी आता रस्ता मोकळा होता. गाडीत मामाने वही मागितली आणि मोजली. कॉमन रोझफिंच, ग्रीनफिंच, बुलफिंच, ग्रोसबीक तीन, पिंक-ब्राउड, माउंटन फिंच, सिपाही. नऊ पक्के आणि एक प्रश्नचिन्ह. सहा दिवसांत नऊ. नऊच्या नऊ मला वहीशिवाय सांगता आल्या. कोण कुठल्या फांदीवर होती, तेही.

सिपाहीच्या ओळीत मी जागेचं नाव आणि वेळ लिहिली होती, निरीक्षकाच्या रकान्यात मामाचं नाव. त्याने ते खोडून मामीचं लिहिलं. पक्ष्याच्या नावाआधी बारीक अक्षरात "सौ." घातलं. मामीने वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "आता तरी मोनाल धरा हो."

मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. देवप्रयाग आलं तेव्हा त्याने वहीचं शेवटचं पान उलटलं आणि मागच्या पुठ्ठ्यावर, आत नव्हे, पुठ्ठ्यावर, लिहिलं: मोनाल, १.